हरणीच्या तोंडातला घास

आमचे मुख्याध्यापक प्रभाकर सर पडले तेव्हा मी तिथेच होते, आणि मी हसले नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण नंतर कल्पेशने गावभर सांगितलं की ममता सगळ्यात मोठ्याने हसली. ती मी नव्हे, ती प्राजक्ता होती. मी ओठ चावून नुसती लेझमीकडे बघत होते.

झालं असं की आमच्या सिल्वासात पाऊस येतो तो पाहुण्यासारखा नाही, भाडेकरूसारखा. जूनमध्ये सामान टाकतो आणि सप्टेंबरपर्यंत हलत नाही. जुलै संपेपर्यंत शाळेचं सिमेंटचं पटांगण हिरवंगार होतं, आणि ते गवताने नाही, शेवाळाने. आम्ही मुली त्यावर बदकासारखं चालायला शिकलो आहोत. सर शिकलेले नाहीत. ते आमची लेझमीची रांग सरळ करायला नवे बूट घालून आले, "डावीकडची तिसरी, पुढे" एवढं म्हणाले आणि झेंड्याच्या खांबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत बसल्या बसल्या गेले. छत्री शेवटपर्यंत उघडी होती.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सर उभ्यानेच म्हणाले, "येत्या सोमवारी दोन ऑगस्ट. मुक्तिदिन. यंदा लेझीम रद्द. वर्गात बसून भाषणं होतील."

मुक्तिदिन म्हणजे आमच्याकडून पोर्तुगीज गेले तो दिवस, आणि त्या दिवशी लेझीम असतेच. चोवीस मुलींनी एकदम "आँ" केलं. माझं सगळ्यात मोठं. पाचवीपासून आठवीपर्यंत मी लेझमीत शेवटच्या रांगेत, तीही उंच शीतलच्या मागे, म्हणजे कोणाला दिसायलाच नको. मी तेव्हा बोलायचेच नाही. हजेरीला "हजर" म्हटलं तरी बाई विचारायच्या, "ममता आली नाही का आज?" मग यंदाच्या मे महिन्यात काय झालं कोण जाणे, माझा आवाज फुटला. फुटला म्हणजे फुटलाच, पप्पा म्हणतात आता बंद करायचा कॉक कुठे आहे ते शोधतोय. शाळा उघडल्यावर शैलजाबाईंनी मला पुढे उभं केलं आणि गळ्यात शिट्टी दिली. चोवीस जणी माझ्या शिट्टीवर वळणार! आणि पुढच्या वर्षी दहावी. दहावीच्या मुलींना आमच्याकडे लेझीम देत नाहीत, व्यवसायमाला देतात. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

मी हात वर केला. "सर, मी पटांगण साफ करून देते."

"तू?" सर चष्म्यावरून बघत म्हणाले. "काळूने दोन दिवस घासलं ते?"

काळूकाका आमचे शिपाई. ते मागून म्हणाले, "चुना टाकला, ब्लीचिंग टाकलं. शेवाळाला गोडच लागलं सायेब."

"माझ्या आत्याकडे प्रेशर वॉशर आहे, जोराची धार मारणारा," मी म्हणाले. "मी चालवते तो."

सरांनी एकदा पटांगणाकडे बघितलं, एकदा स्वतःच्या बुटांकडे. मग म्हणाले, "ठीक. शनिवारी दुपारी दोन वाजता मी याच बुटांनी पटांगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणार. घसरलो नाही, तर लेझीम. घसरलो, तर भाषणं. आणि पहिलं भाषण तुझं, विषय स्वच्छता."

आता आत्या आणि हरणीबद्दल सांगते.

चिमाआत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. धुळे जिल्ह्यातली. आतोबा गेल्यावर ती गावाकडून आमच्याकडे टोकरखाड्याला आली, पण स्वस्थ बसणारी बाई नाही. पप्पा सायली गावात सुताच्या कारखान्यात फिटर आहेत, त्यांच्या ओळखीने तिने सायलीच्या रस्त्यावर ट्रक धुवायचा रॅम्प टाकला. सहा वर्षं बादली आणि काथ्याच्या ब्रशने ट्रक धुतले. ड्रायव्हर लोक तिला मावशी म्हणतात आणि घाबरतात. यंदा जूनमध्ये एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मोडीतून तिने पिवळ्या रंगाचा, दोन चाकांचा प्रेशर वॉशर आणला. पप्पांनी त्याची मोटर बांधून दिली.

मशीन दाराशी आलं तर आत्या म्हणाली, "थांबा. तशीच नका आणू आत." गावाकडे नवी गाय घेतली की दारात तिच्या पायांवर पाणी घालतात, कुंकू लावतात, ओवाळतात, घास भरवतात, मगच गोठ्यात. आत्याने मशीनच्या दोन्ही चाकांवर तांब्याने पाणी घातलं, मोटरच्या झाकणावर कुंकू लावलं, ओवाळलं आणि नाव ठेवलं हरणी. पप्पा म्हणाले, "अक्का, ते मशीन आहे." आत्या म्हणाली, "तू फिटर आहेस, तुले काय कळतं."

मशीनबरोबर एक इंग्रजी पुस्तिका होती, सहा पानांची, तेलाच्या डागांची. ती घरात फक्त मला वाचता येत होती. मी डिक्शनरी घेऊन बसले आणि तीन रात्रीत पार मराठीत उतरवून काढली. मग आत्याला शिकवायला लागले, आणि आत्याला ते सगळं आधीच येत होतं!

"आत्या, आधी पाणी चालू करायचं, गनमधून हवा जाऊन धार लागू द्यायची, मगच मोटर. कोरडी चालवली तर पंप जळतो."

"तहानलेलं जनावर जुंपतं का कोणी?"

"काम संपलं की मोटर बंद, नळ बंद, आणि गनचा घोडा दाबून आतलं प्रेशर सोडायचं."

"जू काढल्यावर मान मोकळी करायची. पुढे."

"या काचेतून तेल बघायचं. पांढरं दिसलं तर आत पाणी शिरलंय."

"डोळा पाहिल्यावर दुखणं कळतंच. पुढे बोल वं पोरी."

"आणि पाणी आत जातं तिथे एक बारीक जाळी आहे, ती दर आठवड्याला काढून धुवायची."

"तोंडाचं मी पाहते," आत्या म्हणाली. "तू शेपटी धर."

शेपटी म्हणजे धार मारायची गन. अशी आमची वाटणी झाली, आणि शाळा सुटल्यावर मी रोज रॅम्पवर ट्रकची चाकं धुवायला लागले. लांबून पसरट धार, हट्टी चिखलाला जवळून बारीक धार, आणि रंगाच्या फार जवळ जायचं नाही. एका ट्रकच्या मागच्या फळीवर लिहिलेलं "पुन्हा भेटू" मी पहिल्याच आठवड्यात धुऊन टाकलं होतं. तो ड्रायव्हर पुन्हा भेटला नाही.

शनिवारी साडेअकराला शाळा सुटली आणि कोणीही घरी गेलं नाही. पंधरा मिनिटांनी फाटकात रिक्षा थांबली. मागच्या सीटवर मधोमध हरणी बसली होती, कुंकू लावून, गळ्यात झेंडूची माळ, आणि तिच्या कमरेला हात घालून आत्या. पावसाची भुरभुर चालूच होती.

कल्पेश शेजारच्या गुजराती वर्गातला. तो व्हरांड्याच्या कठड्यावर बसून ओरडला, "ए ममता! उपरथी पाणी पडे छे ने नीचेथी तू मारणार? डबल धुलाई?"

"तू उतर खाली, तुझी पण करते," मी म्हणाले. मे महिन्याआधी मी असं बोलले असते का? छे!

काळूकाकांनी टाकीच्या नळाला पाइप लावला. ऑफिसच्या खिडकीतून वायर काढली, जोड व्हरांड्यात कोरड्या बाकावर ठेवला, वर टोपली झाकली. मी रबरी गमबूट घातले, ते पप्पांचे, त्यामुळे माझ्या गुडघ्याच्या वर येत होते. पाणी चालू, हवा गेली, धार लागली, मोटर चालू. हरणी गुरगुरली. मी घोडा दाबला आणि शेवाळावर पांढराशुभ्र पट्टा उमटला!

सगळ्या शाळेने "ओऽऽ" केलं. आता खरं तर मी शहाण्यासारखं एका कडेने सुरुवात करायला हवी होती. पण एवढं मोठं हिरवं पटांगण, हातात अशी धार आणि पुढे दोनशे माणसं. मी मधोमध जाऊन माझं नाव लिहायला लागले. एकेक अक्षर चटईएवढं. पहिला म झाला. दुसरा म झाला. तेवढ्यात हरणीला ठसका लागला.

धार आली, गेली, आली, गेली. ढुक, ढुक, ढुक. मग नुसतं कुंडीला घालतात तसं पाणी.

मी मोटर बंद केली. पटांगणात मोठ्ठं "मम" चमकत होतं.

"झालं," प्राजक्ता म्हणाली. ती माझी जिवलग मैत्रीण, तिचे वडील सरकारी कचेरीत, मूळचे रत्नागिरीचे, त्यामुळे तिला बोलायला कधी घाई नसते. "आता गुरुजी बोलवा. मम म्हणा."

सगळी शाळा "मम! मम!" करायला लागली. ऑफिसच्या खिडकीत सर दिसले. त्यांनी घड्याळ बघितलं, पटांगण बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

मग सल्ले सुरू झाले. काळूकाका म्हणाले व्होल्टेज नाही. शैलजाबाई म्हणाल्या टाकीत पाणी कमी असेल. कल्पेश म्हणाला मशीन सेकंडहँड, नसीब पण सेकंडहँड. आत्या म्हणाली दोनशे पोरांची नजर लागली, मिरच्या आणा. आणि एक पाचवीतला म्हणाला, "ताई, तिला सू लागली असेल." त्याला हाकलला.

साडेबारा वाजले होते. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, पण पाऊस होता म्हणून कोणाला कळलं नाही. सोमवारी मी फळ्यापुढे उभी राहून "स्वच्छतेचे महत्त्व" सांगतेय आणि मागे चोवीस लेझीम कपाटात, हे चित्र मला स्पष्ट दिसलं. मग मला वाटलं, रडायला आख्खा रविवार पडलाय. आधी पुस्तिका.

पुस्तिका तोंडपाठ होती. पान चार, धार कमी-जास्त होत असेल तर. मी नोझल काढलं, केसातली पिन घालून बघितलं. स्वच्छ. पाइपला पीळ पडलाय का बघितला. नव्हता. राहिली ती पाणी आत जायची जाळी. मी वीज काढली, पाणी बंद केलं आणि हरणीच्या पुढे बसले, तर आत्या मध्ये.

"तोंडाला हात नको लावू."

"आत्या, जाळी बघायचीय."

"तोंडाचं मी पाहते म्हटलं होतं ना?"

"मग शेवटची कधी काढलीस?"

"काढायची कशाला? मी बघते ना रोज. सकाळी बघते, बोलते तिच्याशी."

"आत्या, दोन वाजता सर चालणार आहेत गं!"

आत्या बाजूला झाली, पण गाल फुगवून. मी पाइपचा जोड फिरवून काढला. आत बोट घातलं तर काहीतरी मऊ लागलं. ओढलं. पांढरं, फुगलेलं, घट्ट दडपलेलं, कडेने पिवळसर. चांगला मूठभर गोळा हातात आला. आत हळदीचा वास आणि थोडा गुळाचा.

काळूकाका वाकून म्हणाले, "भात हाय."

"भात?" कल्पेश कठड्यावरून उडी मारून आला. "अरे वाह! मशीनमा खिचडी!"

मी आत्याकडे बघितलं. आत्या हरणीच्या माळेतली फुलं सारखी करत होती.

"आत्या, तांदूळ कोणी घातले?"

"अक्षता आहेत त्या."

"कधी घातल्या?"

"रोज सकाळी दोन दाणे. कामाला जुंपायच्या आधी घास द्यायचा असतो." मग जरा थांबून म्हणाली, "आज मोठं काम होतं म्हणून मूठभर दिला. गुळाचा खडा घालून."

"अगं आत्या!"

"काय अगं आत्या? मग उपाशी जुंपू तिले? शाळेचं एवढं वावर धुवायचं, दोनशे लोकांपुढे, आणि उपाशी?"

आता सगळी शाळा हसत होती आणि आत्याचा चेहरा लाल होत होता. ट्रकवाल्यांना घाबरवणारी माझी आत्या, तिच्यावर पाचवीतली पोरं हसत होती. मला ते अजिबात आवडलं नाही. जूनपासून एवढे तांदूळ खाऊनही हरणीने चाळीस ट्रक धुतले होते, कारण त्या जाळीने दाणा पंपात जाऊ दिला नव्हता. तरी आत्याला "तू चुकलीस" म्हणायचं म्हणजे बैलाला मागून हात लावण्यासारखं.

मी म्हणाले, "आत्या, देवाला नैवेद्य देतेस तेव्हा मूर्तीच्या तोंडात कोंबतेस का?"

"दाखवते."

"मग?"

आत्याने माझ्या हातातल्या गोळ्याकडे बघितलं, मग हरणीच्या कुंकवाकडे. पावसाचं पाणी तिच्या पदरावरून टपटपत होतं.

"हे बरोबर बोललीस," ती म्हणाली. "आपण गाय समजून चाललो, ती तर देवी निघाली. दाखवायचाच नुसता." आणि पोरांकडे वळून, "काय दात काढता रे? तुमच्या वह्यांवर दसऱ्याले हळद-कुंकू टाकत नाही का? वाचता का मग ती पानं?"

टाकलंच होतं सगळ्यांनी. माझ्या भूगोलाच्या वहीत तर सोन्याची पानंही आहेत.

मी जाळी पिनेने टोकरून, उलटी धरून, नळाखाली धुतली. आडवी धरली तर आरपार उजेड दिसला. परत बसवली. पाणी, हवा, धार, मोटर. आणि हरणी अशी सुटली की गनच्या धक्क्याने मी दोन पावलं मागे गेले.

मग नावबिव काही नाही. झेंड्याच्या खांबापासून सुरुवात, पट्ट्याला पट्टा जोडून, रांगोळीत रंग भरतात तसं. प्राजक्ता आणि आठवीच्या मुली खराट्याने हिरवा रेंदा नालीकडे ढकलत होत्या. काळूकाका पाइप मोकळा धरून मागे-मागे, लग्नात नवरीचा शालू धरतात तसे. कल्पेश म्हणाला, "एक वार मने दे ने." दिली. घोडा दाबला मात्र, धार वर गेली आणि कल्पेश खाली बसला. शाळेच्या भिंतीवर कमरेपर्यंत चुना होता, तो दोन हात रुंद निघून खालची वीट दिसायला लागली. काळूकाका म्हणाले, "राहू दे. तिथे कुंडी ठेवतो."

दोनला पाच कमी असताना शेवटचा कोपरा झाला. मी मोटर बंद केली, नळ बंद केला, घोडा दाबून प्रेशर सोडलं. हातांना मुंग्या आल्या होत्या आणि नखापर्यंत शेवाळ. पण पटांगण! राखाडी, खरखरीत, आम्ही शाळेत आल्यापासून कोणी बघितलं नव्हतं असं.

बरोबर दोनला सर आले. तेच बूट. हातात छत्री, या वेळी मिटलेली. झेंड्याच्या खांबाशी उभं राहून त्यांनी एक पाय पुढे टाकला आणि चाचपला. दुसरा टाकला. शाळेत एवढी शांतता परीक्षेतसुद्धा नसते. मी प्राजक्ताचा हात इतका घट्ट धरला की ती म्हणाली, "ममता, हा मला पुढेही लागणार आहे."

सर मध्यावर आले. थांबले. बूट घासून बघितला. करकर आवाज आला. सरांचा चेहरा जरा सैल झाला. मग ते नेहमीसारखे चालायला लागले, मग जरा ऐटीत, मग छत्री फिरवत. पाण्याची टाकी आली, पटांगण संपलं. आम्ही टाळ्या वाजवायला हात उचलले, सरांनी वळून आमच्याकडे बघत मागचा पाय व्हरांड्यावर टाकला...

आणि ते पडले.

सगळा रेंदा धारेने उडून व्हरांड्याच्या फरशीवर जाऊन बसला होता. पटांगण धुताना मी एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. सर त्यात मांडी घालून बसल्यासारखे बसले होते आणि छत्री आपोआप उघडली होती.

उचललेले हात सगळ्यांचे तसेच वर. मी मनात म्हटलं, संपलं. "सन्माननीय अध्यक्ष, गुरुजन वर्ग, आणि माझ्या बालमित्रांनो..."

"सर," प्राजक्ता सावकाश म्हणाली, "तुम्ही पटांगण म्हणाला होतात. पटांगण त्या पायरीपाशी संपतं."

"मी घसरलो नाही तर, असं म्हणालो होतो," सर बसूनच म्हणाले. "आणि मी घसरलोय. हे तुलाही दिसतंय."

दोघंही खरं बोलत होते, हाच तर घोटाळा. शैलजाबाई सरांना उठवायला निघाल्या आणि फरशी बघून थांबल्या. तेवढ्यात आत्या पदर खोचून पुढे झाली. तिने सरांना आधी कधी बघितलंही नव्हतं.

"गुरुजी, एक विचारू? वावर चांगलं नांगरून दिलं, तुम्ही आख्खं फिरून आले, पाय नाही मुरगळला. आणि घरी जाताना बांधावर पडले. तर दोष वावराले द्यायचा का?"

सर तिच्याकडे बघत राहिले. मग पटांगणाकडे. मग स्वतःच्या पँटकडे. मला वाटतं त्यांनी मनातल्या मनात दोन्ही बाजू तपासल्या, गणिताचे पेपर तपासतात तशा, कारण ते दोनदा काहीतरी पुटपुटले.

"बांधाला," ते शेवटी म्हणाले. "दोष बांधाला."

"म्हणजे लेझीम, सर?" मी विचारलं. माझा आवाज पुन्हा मे महिन्याआधीसारखा निघाला, म्हणून परत मोठ्याने विचारलं, "म्हणजे लेझीम?"

"लेझीम. पण सोमवारच्या आत हा व्हरांडा धुऊन पाहिजे, आणि धुताना मागे बघायचं." त्यांनी छत्री मिटायचा प्रयत्न केला, ती मिटेना, तशीच डोक्यावर धरून म्हणाले, "माझं भाषण मी खुर्चीत बसून करेन."

काळूकाका आणि आत्याने त्यांना दोन्ही बाजूंनी धरून उठवलं. आम्ही सगळ्या जणी तोवर कपाटाकडे पळालोसुद्धा. लेझीम घेऊन पटांगणात आलो, मी शिट्टी तोंडात धरली आणि एवढ्या जोरात फुंकली की टाकीवरचे कावळे उडाले. कोणीही घसरलं नाही. ताल मात्र चोवीस जणींचे चोवीस होते, आणि शैलजाबाई कानांवर हात ठेवून ओरडत होत्या, "डावा! अगं डावा पाय आधी! ममता, तूसुद्धा?"